स्वावलंबन आणि ऋण

“मी कोणाचाही आधार न घेता वर आलो,” असे पुष्कळ कर्तबगार गृहस्थ समाधानाने सांगतात. कष्ट सोसलेल्या मनुष्याचे हे बोलणे ऐकून आदरच वाटतो. परंतु ते सत्य आहे काय, आणि नसेल तर अशा मनुष्याचे कर्तव्य काय, हा प्रश्न विचारार्ह आहे. सहनशीलतेचा आदर्श वाटावा अशा एका वनस्पतीच्या जीवनक्रमाने त्यावर बराच प्रकाश पडतो.

उत्तर अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात मोहावी, सोनोरा व चिवावा ही वाळवंटे पसरली आहेत. तेथे सर्वत्र आढळणारे झुडूप म्हणजे क्रिओसोट. उंची साधारण पुरुषभर, पाने बारीक व राळेने चकचकीत, फुले पाच पाकळ्यांची आणि पिवळीधमक. आपल्या माळरानावरील गोखरू याच कुळातला. मोहावीत वर्षाकाठी बहुधा १५ सेंटिमीटरांहूनही कमी पाऊस पडतो. तेथील डेथ व्हॅलीत २०२० च्या ऑगस्टात उष्णता ५४.४ अंश सेल्सिअसवर गेली होती. अशा भूमीत हे झुडूप राळेच्या लेपाने पानांतील ओलावा राखते आणि अवर्षण लांबले की बरीचशी पाने टाकून तग धरते. जुने खोड मधून मरून जाते, पण भोवती त्याचेच नवे धुमारे फुटून झुडपांचे कडे बनते. कॅलिफोर्नियातील असे एक कडे सुमारे ११,७०० वर्षांचे असावे, असा अंदाज फ्रँक वासेक या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९८० साली मांडला.

एवढे पाहून कोणीही म्हणेल की, स्वावलंबन असावे तर असे! परंतु याच झुडपाचे बालपण पाहावे. उघड्या, तापलेल्या भूमीवर त्याचे रोप क्वचितच टिकते. जी रोपे जगतात, त्यांपैकी पुष्कळशी बर्सेज नावाच्या एका ठेंगण्या, करड्या झुडपाच्या सावलीत वाढलेली असतात. या बर्सेजचे शास्त्रीय नाव अम्ब्रोसिया. हा मूळचा ग्रीक शब्द आपल्या ‘अमृत’ शब्दाचा सगोत्र आहे. भाषांतराचे काम करणाऱ्याला असा शब्द भेटला की क्षणभर थांबावेसे वाटते. ज्याला अमृताचे नाव, त्याचे आयुष्य अल्प. आणि त्याच्या आश्रयाने वाढलेले मात्र सहस्रावधी वर्षे नांदते!

पुढची गोष्ट अधिक कठोर आहे. वाढलेल्या क्रिओसोटच्या मुळांपाशी बर्सेजच्या मुळांची वाढ खुंटते, असे १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले. मेक्सिकोत या झुडपाला ‘गोबेर्नादोरा’, म्हणजे ‘शासन करणारी’, म्हणतात ते उगीच नव्हे.

यावर कोणी म्हणेल, “निसर्गाचा न्यायच असा, बलवानाने मागे वळून पाहू नये.” हा तर्क सदोष आहे. झुडपाला स्मृती नाही आणि निवडही नाही, म्हणून त्याला दोष लागत नाही. मनुष्यास दोन्ही आहेत, म्हणूनच ऋण हा शब्द त्याच्यापुरता अर्थपूर्ण होतो. धाकट्याला शिकता यावे म्हणून शाळा सोडणारा थोरला भाऊ, वाराने जेवू घालणारी शेजारीण, फी थकली तरी वर्गात बसू देणारे गुरुजी, हे सारे आपल्या जीवनातील बर्सेजच होत.

दुसरी शंका याहून खरी आहे. आश्रय देणारा बहुधा हयात नसतो. मग ऋण फेडावे कोणाला? आपल्या परंपरेने याचे उत्तर फार पूर्वी दिले आहे. ऋषिऋण अध्ययनाने फिटते, पितृऋण संततीने फिटते. म्हणजे ज्याने दिले त्याच्याकडे ते परत जात नाही. ते पुढच्याच्या हाती सोपवायचे असते.

आणि त्याची पहिली पायरी वाणीची आहे. आपला आधार लपवून ठेवणे हे केवळ असत्य नव्हे. “मी एकट्याने केले” हे शब्द घरातला धडपडणारा मुलगा ऐकतो, आणि आपल्याला साहाय्य लागते म्हणजे आपण दुबळे, असे समजून मुकाट्याने करपून जातो. यासाठी कर्त्या गृहस्थाने आपल्या मुलांना मिळकतीचा हिशेब सांगताना, आपण कोणाच्या सावलीत वाढलो तेही नावानिशी सांगावे.