मुदतपूर्व करारभंग आणि पत

अमेरिकेत मोबाइलचा ठरावीक मुदतीचा करार मुदतीआधी सोडला की कंपनी ठरलेले शुल्क आकारते. ते भरले तर पतअहवालाला धक्का लागत नाही. थकले, तर प्रकरण वसुली संस्थेकडे जाते आणि ती नोंद अहवालात सात वर्षांपर्यंत राहू शकते.

यातून नीतीचा प्रश्न उभा राहतो: शुल्क भरले म्हणजे वचन पाळले का? विधिज्ञ ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी 1897 मध्ये मांडले, की कायद्याच्या दृष्टीने करार म्हणजे तो पाळा, नाहीतर भरपाई द्या, एवढेच. तत्त्वज्ञ कांटच्या मते, न पाळण्याच्या इराद्याने दिलेले वचन मुळातच अनैतिक. पुढे भरपाई दिल्याने ते शुद्ध होत नाही. मात्र बाहेर पडण्याची अट करारातच लिहिलेली असेल, तर शुल्क भरून जाणारा वचन मोडत नाही.

पतअहवालावरून काढलेला पतगुणांक मात्र असा हेतू तपासत नाही. अंतिम बिल जुन्या पत्त्यावर गेल्याने ज्याचे पैसे थकले तो ग्राहक आणि जाणूनबुजून बुडवणारा, दोघांची नोंद सारखीच होते. म्हणून पतगुणांक फक्त परतफेडीचा अंदाज देतो. चारित्र्याचा निवाडा करण्याचा अधिकार त्याला नाही.