वंशावळीतून गळलेले नाव

माणूस आपल्या पूर्वजांचा शोध कशासाठी घेतो, हा प्रश्न एकेकाळी इतिहासाच्या अभ्यासकांपुरता होता. घराण्याची माहिती घरातील एखाद्या वयोवृद्धाच्या स्मरणात असे, किंवा लोखंडी पेटीच्या तळाशी जपलेल्या एखाद्या कागदावर. आज परदेशातील शंभर वर्षांपूर्वीच्या जनगणनेचे तक्ते आणि आपल्या गावच्या जमिनीची जुनी कागदपत्रे घरबसल्या पाहता येऊ लागली आहेत. आपल्या समाजातील शिकलेले तरुणही या शोधाकडे वळले आहेत. ही गोष्ट चांगली की वाईट, एवढेच विचारून भागणार नाही. सापडलेल्या माहितीचे आपण काय करावे, हा खरा प्रश्न आहे, आणि तो शेवटी आखिरतच्या हिशेबापर्यंत जाऊन पोहोचतो.

हा प्रश्न माझ्यासमोर आला तो माझ्याच घरात. आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठी आहे. माझे आजोबा विलायतेला जाणाऱ्या बोटीवर खलाशी होते. आमचे मूळ पुरुष अरबस्तानातून गलबताने कोकणात उतरले, असे घरात अभिमानाने सांगितले जाई. आजोबांनी उर्दूत लिहून ठेवलेली सात पिढ्यांची वंशावळ आमच्याकडे आहे. तीत सगळी नावे पुरुषांची आहेत, स्त्रीचे एकही नाही. लंडनमध्ये नोकरी करणारा माझा पुतण्या दोन वर्षांपूर्वी फोनवर म्हणाला, "चाचा, परदादांची बोट १९२१ साली लंडनच्या गोदीत होती, असे अब्बा सांगायचे. त्या सालची जनगणना आता खुली झाली आहे. मी इथे शोधतो, तुम्ही गावचे कागद पाहा." अशा रीतीने आम्ही दोघे कामाला लागलो.

मदीनेतील गणना

नावांची गणना आणि नोंद इस्लामला परकी नाही. सहीह बुखारीत हजरत हुजैफा (रजि.) यांच्या कथनानुसार प्रेषित मुहम्मद (स.) यांनी इस्लामचा स्वीकार केलेल्या लोकांची नावे लिहून देण्यास सांगितले होते आणि दीड हजार पुरुषांची नोंद झाली होती. पुढे हजरत उमर (रजि.) यांनी आपल्या खिलाफतीत 'दीवान' स्थापन केला. लोकांची कुळवार नोंद करून त्यानुसार बैतुलमालमधून वेतन ठरविले जाई. ही यादी खलिफांच्या कुळापासून सुरू करावी, असे सुचविले गेले, तेव्हा त्यांनी ते नाकारले आणि प्रेषितांच्या (स.) कुळापासून सुरुवात केली. हजरत अबू बकर (रजि.) हे अरबांच्या वंशावळींचे मोठे जाणकार होते. इब्ने सअद (मृत्यू हिजरी २३०) यांनी 'तबकात' या ग्रंथात प्रेषितांच्या सोबत्यांची व नंतरच्या पिढ्यांची पिढीवार चरित्रे लिहिली आणि ग्रंथाचा अखेरचा भाग स्त्रियांना दिला. आमच्या घरच्या वंशावळीत जी जागा रिकामी होती, ती या ग्रंथात बाराशे वर्षांपूर्वीच भरलेली आहे.

वंशाची माहिती का ठेवावी, याचेही उत्तर प्रेषितांनी (स.) दिले आहे. तिर्मिजीतील एका हदीसचा आशय असा आहे की, ज्यायोगे नातेवाइकांशी संबंध जोडता येतील, इतकी आपली वंशावळ शिकून घ्यावी. या ज्ञानाचा हेतू 'सिलए-रहमी' म्हणजे नाती जोडणे हा आहे. सूरह निसाच्या पहिल्याच आयतीत अल्लाहचे भय बाळगण्याबरोबर रक्ताच्या नात्यांबाबत सावध राहण्याचा आदेश आला आहे. तेव्हा जो शोध आपल्याला नातेवाइकांच्या दारापर्यंत नेत नाही, तो कितीही रंजक असला तरी अपुराच म्हणावा लागेल.

कागद कोठे सापडतात?

ब्रिटनमध्ये जनगणनेत भरलेली घराघराची पत्रके शंभर वर्षे गोपनीय ठेवून नंतर खुली करतात. इंग्लंड व वेल्सची १९२१ ची पत्रके जानेवारी २०२२ मध्ये खुली झाली. १९३१ ची मात्र कधीच दिसणार नाहीत, कारण ती १९४२ च्या आगीत जळून गेली. अमेरिकेत हीच मुदत ७२ वर्षांची आहे. १९५० ची पत्रके १ एप्रिल २०२२ रोजी खुली झाली. आयर्लंडची १९०१ व १९११ ची पत्रके तर कोणालाही विनामूल्य पाहता येतात.

आपल्या देशात स्थिती वेगळी आहे. येथे पहिली जनगणना १८७२ च्या सुमारास झाली आणि १८८१ पासून ती एकाच वेळी सर्वत्र होऊ लागली. परंतु आपल्याला मिळतात ते केवळ आकडे आणि अहवाल. व्यक्तीची माहिती असलेली पत्रके १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार कोणालाही पाहण्यासाठी खुली नाहीत आणि पुरावा म्हणूनही ती चालत नाहीत. पणजोबांचे नाव जनगणनेत शोधू म्हणणाऱ्याची इथे निराशा होते. त्याने इतर कागदांकडे वळावे. शाळेचे जनरल रजिस्टर, गावच्या कोतवालाच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, काझींकडील निकाहाची जुनी रजिस्टरे, कब्रस्तानाच्या नोंदवह्या, सातबारा आणि फेरफार, अशी ही साधने आहेत. जमिनीचे अनेक जुने कागद आता शासनाच्या संकेतस्थळावरही मिळू लागले आहेत. ज्यांच्या घरातील खलाशी समुद्रावरून परतलेच नाहीत, त्यांच्यासाठी मुंबईत मस्जिद बंदर भागातील इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रात प्राण गमावलेल्या दोन हजारांहून अधिक दर्यावर्दींचे स्मारक आहे. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर ती नावे विनामूल्य शोधता येतात.

अभिमानाची परीक्षा

पुतण्याला लंडनच्या पत्रकांत आजोबा खात्रीने सापडले नाहीत. आपल्या नावांची इंग्रज कारकुनांनी केलेली लेखने इतकी निरनिराळी होती की, एकाच नावाचे चार मनुष्य दिसत होते. मात्र एका संकेतस्थळावर कोणीतरी तयार केलेला एक वंशवृक्ष त्याला मिळाला. त्यात कोकणातील आमच्याच आडनावाचे एक घराणे थेट अरबस्तानातील एका थोर कुळाला जोडलेले होते. पुरावा कसलाही नव्हता. परंतु एक कळ दाबली की आमच्या सात पिढ्याही त्या वृक्षाला जोडल्या जाणार होत्या. पुतण्याने विचारले, "जोडू का?"

इस्लामची वंशविषयक शिकवण इथे नीट समजून घ्यावी लागते. एकीकडे वंश खरा सांगण्याचा आदेश अत्यंत कडक आहे. हजरत जैद (रजि.) यांना लोक 'मुहम्मदपुत्र' म्हणत. सूरह अहजाबमध्ये प्रत्येकाला त्याच्या खऱ्या पित्याच्या नावाने हाक मारण्याचा आदेश अवतरला आणि ते पुन्हा जैद बिन हारिसा झाले. प्रेषितांच्या पुत्राचे नाव लावण्याहून मोठा मान कोणता असेल? तरी सत्यापुढे तोही बाजूला सारण्यात आला. जो जाणूनबुजून आपल्या पित्याखेरीज दुसऱ्याशी आपला वंश जोडतो, त्याच्यावर जन्नत निषिद्ध असल्याचा इशारा हदीसमध्ये आला आहे.

दुसरीकडे, त्या खऱ्या वंशाला श्रेष्ठत्वाचे मोल मात्र दिलेले नाही. सूरह हुजुरातनुसार कुळे आणि जमाती परस्परांची ओळख पटावी म्हणून आहेत. अल्लाहजवळ प्रतिष्ठा तकव्याची आहे. कर्माने मागे पडलेल्याला त्याचा वंश पुढे नेऊ शकत नाही, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. ज्या आयतीने खरा पिता सांगण्याचा आदेश दिला, तिनेच हेही सांगितले की, ज्यांचे पिते तुम्हांला माहीत नाहीत ते तुमचे दीनी बंधू आहेत. हजरत सालिम (रजि.) हे मुक्त झालेले गुलाम होते. ते कोणा थोर कुळाच्या नावाने नव्हे, तर अबू हुजैफा यांचे मौला म्हणून ओळखले जात. तरीही हिजरतच्या सुरुवातीस कुबा येथे मुहाजिरांच्या नमाजचे नेतृत्व तेच करीत, कारण त्यांना कुरआन अधिक येत होते.

आपल्याकडे अनेक घरांत मूळ व्यवसाय सांगण्याची लाज वाटते. जुन्या नोंदीत पूर्वज पिंजारी, जुलाहा किंवा खलाशी निघाला तर ती नोंद दडपली जाते आणि नावामागे एखादी उपाधी चढविली जाते. कापूस पिंजून हलालची कमाई करणाऱ्या माणसात लाज वाटण्यासारखे काय आहे? लाज वाटावी ती त्याला नाकारण्याची. मी पुतण्याला म्हटले, "जोडू नकोस. जितके माहीत आहे तितकेच लिही."

दोष झाकावा, हक्क झाकू नये

अभिमानाची ही बाब सुटली. पण गावच्या कागदांत मला जे दिसले, ते इतके सोपे नव्हते. पणजोबांच्या निधनानंतरच्या फेरफारात वारस म्हणून तीन नावे होती. दोन मुलगे आणि एक मुलगी. आजोबांना सख्खी बहीण होती, हे मला वयाच्या साठीत प्रथमच कळत होते. काही महिन्यांनंतरच्या दुसऱ्या नोंदीत त्या मुलीने 'हक्क सोडला' असे लिहून तिचे नाव कमी केलेले होते. मोबदल्याचा उल्लेख नव्हता. घरातील एका वृद्धेला विचारले, तेव्हा तिने इतकेच सांगितले की, त्या वाटणीनंतर ती माहेरी कधी आली नाही.

आता काय करावे? काही आप्तांनी सल्ला दिला, "मेलेल्यांची उणीदुणी काढू नका. इस्लाम परदा ठेवायला सांगतो." हा युक्तिवाद वरवर पाहता भक्कम आहे. इतरांचे दोष हुडकण्यास कुरआनने मनाई केली आहे आणि मृतांना वाईट बोलण्यास प्रेषितांनी (स.) रोखले आहे. परंतु दोष आणि हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पूर्वजांच्या आयुष्यातील एखादी चूक, मोडलेला संसार, कोर्टातील शिक्षा अशी नोंद सापडली आणि तिच्यात कोणाचा हक्क अडकलेला नसेल, तर ती झाकणे हेच आपले कर्तव्य आहे. ती नातेवाइकांच्या समूहावर पाठविणे ही गीबत ठरेल. पण जिथे कोणाचा हक्क अडकला आहे, तिथे परद्याचे नाव पुढे करणे म्हणजे अन्यायाला आणखी एक पिढी मुदतवाढ देणे होय. हुकूकुल-इबाद, म्हणजे माणसांचे हक्क, ज्याचे त्याला दिल्याशिवाय किंवा त्याने माफ केल्याशिवाय सुटत नाहीत. जनाजा समोर आला की प्रेषित (स.) आधी मृताच्या कर्जाची चौकशी करीत, यातून त्याचे गांभीर्य कळते.

स्त्रीने स्वखुशीने आपला हिस्सा सोडला तर तो तिचा अधिकार आहे. परंतु माहेर तुटेल या भीतीने उठविलेला अंगठा स्वखुशीचा म्हणता येईल काय? सूरह निसाने मालमत्ता थोडी असो वा पुष्कळ, स्त्रीचा हिस्सा निश्चित केला आहे. १९३७ च्या शरीअत कायद्याने शेतजमीन आपल्या कक्षेबाहेर ठेवली. कुरआनने मात्र तिला वगळलेले नाही. त्या जमिनीतील आंबा आणि काजू तीन पिढ्या आम्ही खाल्ला, त्यात तिचा वाटा होता काय, हा प्रश्न आता आजोबांचा राहिलेला नाही. तो माझा झाला आहे, कारण कागद मी वाचला आहे.

आणखी एक दक्षता इथे सांगितली पाहिजे. संकेतस्थळावर वंशवृक्ष मांडताना हयात व्यक्तींची, विशेषतः घरातील स्त्रिया व मुलांची नावे आणि जन्मतारखा त्यांच्या संमतीविना सर्वांना दिसतील अशा ठेवू नयेत. सरकारे शंभर किंवा ७२ वर्षे थांबतात ती हयात माणसाचा भरवसा राखण्यासाठी. आपल्या हाती आलेली माहिती ही अमानत आहे, आणि अमानत राखणे हा ईमानाचा भाग आहे.

त्या बहिणीची नात मुंब्र्यात राहते, हे काझींच्या रजिस्टरातील निकाहाच्या नोंदीवरून आणि दोन-तीन घरी विचारपूस करून कळले. आम्ही भाऊ तिच्याकडे गेलो. फेरफाराची नक्कल तिच्यापुढे ठेवली आणि आलो कशासाठी ते सांगितले. ती बराच वेळ कागद पाहत राहिली. मग म्हणाली, "भाईजान, जमिनीचे पुढे बघू. दादी मरेपर्यंत गावच्या खाडीच्या गोष्टी सांगायची. तिचे नाव तुमच्या कागदावर आहे का?"

नाव नव्हते. त्या रात्री घरी येऊन मी आजोबांच्या वंशावळीत, त्यांच्या नावाशेजारी, त्यांच्या बहिणीचे नाव लिहिले. जमिनीच्या हिश्श्याचा हिशेब जाणकार आलिमांच्या सल्ल्याने चालू आहे. आमच्यातील सगळे भाऊ अजून राजी नाहीत आणि त्यासाठी मी दुआ करतो. आम्ही निघालो होतो थोर कुळाच्या शोधात, आणि सापडले ते एक थकलेले देणे. अल्लाह ते फेडण्याची तौफीक देवो. वाचकहो, आपल्या घरातील वंशावळ एकदा उघडून पाहा. तीत कोण आहे हे आपणांस ठाऊकच असेल. कोण नाही, तेही पाहा.