एफ छापलेला बोल्ट

अमेरिकन गाड्यांचा विषय निघाला की मस्टँग, कॅमॅरो, चॅलेंजर यांच्याच नावांचा गजर होतो. मोठं इंजिन, दोन दारं, पोटात घुमणारा आवाज. त्या गाड्यांवर भरपूर लिहिलं गेलंय, म्हणून त्या इथे बाजूला ठेवतो. मीरा-भाईंदरमधल्या माणसाच्या आयुष्यात अमेरिकन गाडी आली ती वेगळ्या रूपात: जीप, टवेरा, आयकॉन, फिगो, इकोस्पोर्ट, आणि त्याच्याही आधी डॉज-फार्गोचा ट्रक. या गाड्यांना चाहते आहेत आणि त्यांची मतं पक्की आहेत. काशिमिऱ्याजवळ घोडबंदर रस्ता अहमदाबाद हायवेला मिळतो, तिथल्या एखाद्या गॅरेजात अर्धा तास उभं राहिलं की ती आपोआप कानावर पडतात. ‘फोर्डचं स्टिअरिंग ते फोर्डचं, तसं परत कुणाला जमलं नाही.’ ‘टवेरा मरत नाही हो, मालक मरतो.’ ‘जीपला मेकॅनिक शोधावा लागत नाही.’ आणि याच्या अगदी उलट, ‘शेव्हरोले घेतली आणि कंपनीच निघून गेली.’

ही मतं एकेक करून उलगडून पाहिली की एक अडचण उभी राहते. टवेरा मुळात जपानच्या इसुझूची, पँथर नावाच्या गाडीवरून घेतलेली. ज्या फिगोच्या वळणावर लोक जीव टाकतात, ती युरोपातल्या फिएस्टाच्या सांगाड्यावर बेतलेली. पहिल्या एंडेव्हरच्या मुळाशी माझ्दा, आणि स्पार्क, बीट या कोरियातल्या देवूच्या वारसदार. म्हणजे ‘अमेरिकन गाडी’ म्हणून आपण जिचं कौतुक करतो किंवा जिच्या नावाने बोटं मोडतो, तिच्यात अमेरिकेत आखलेलं फार थोडं असतं. मग या गाड्यांत अमेरिकेचं असं उरतं तरी काय?

माझं उत्तर असं: एका गाडीचा भाग दुसऱ्या गाडीला कानस न लावता बसला पाहिजे, ही कल्पना. अमेरिकेने मोटारगाडीला दिलेली ही खरी देणगी आहे, आणि आपल्याकडच्या चाहत्यांच्या बहुतेक मतांचं मूळ तिथेच सापडतं.

1908 साली लंडनजवळच्या ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर रॉयल ऑटोमोबाइल क्लबने तीन कॅडिलॅक गाड्या खोलल्या. स्क्रू न् स्क्रू काढला आणि तिन्ही गाड्यांचे भाग एकत्र मिसळले. एवढ्यावर न थांबता त्यातले 89 भाग काढून त्यांच्या जागी दुकानातले नवे ठेवले. मग नुसते पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊन त्या ढिगातून तीन गाड्या पुन्हा उभ्या केल्या आणि 500 मैल पळवल्या. तिन्ही धावल्या, आणि कॅडिलॅकला ड्यूअर ट्रॉफी मिळाली. त्या काळात युरोपातली चांगली गाडी म्हणजे कारागिराने एकेक भाग घासून, जुळवून बसवलेली गाडी. एका गाडीचा भाग तिच्या जुळ्या बहिणीलाही होईल याची खात्री नसे. ब्रुकलँड्सला सिद्ध झालं की गाडीचं अस्सलपण एखाद्या विशिष्ट भागात नसून मापात असू शकतं. त्याच वर्षी फोर्डची मॉडेल टी आली, आणि 1913 मध्ये फिरती जुळणी-साखळी. नेमकं माप नसतं तर ती साखळी पहिल्याच दिवशी अडकून पडली असती.

मुंबईला ही कल्पना खोक्यांतून आली. जनरल मोटर्सने 1928 मध्ये शिवडीला जुळणीचा कारखाना काढला आणि परदेशातून सुट्या भागांत आलेली शेव्हरोले इथल्या कामगारांच्या हातांनी उभी राहू लागली. फोर्डची भारतातली कंपनी कॅनडातल्या फोर्डच्या हाताखाली होती, कारण ब्रिटिश साम्राज्यातल्या मालाला जकात हलकी पडे. म्हणजे त्या काळातही गाडी नेमकी कुठल्या देशाची, याचं उत्तर सरळ नव्हतंच.

नंतर कुर्ल्याला सोलापूरच्या वालचंद हिराचंदांची प्रीमिअर ऑटोमोबाइल्स उभी राहिली. क्रायस्लरशी करार झाला आणि 1947 पासून तिथून डॉज, प्लिमथ, डी सोटो बाहेर पडू लागल्या. नावं तीन, पण पुढची जाळी आणि बिल्ले सोडले तर आतली हाडं बव्हंशी एकच. ट्रकांचंही तेच, डॉज आणि फार्गो ही एकाच ट्रकची दोन नावं. त्या गाड्यांविषयी जुन्या मेकॅनिकांचं कौतुक ऐकलं तर वेगाचा उल्लेखही येत नाही. सहा सिलिंडरचं, बाजूच्या व्हॉल्व्हचं, संथ फिरणारं इंजिन, बॉनेट उघडल्यावर आत हात घालायला भरपूर जागा, आणि एका नावाच्या गाडीचा भाग दुसऱ्या नावाच्या गाडीला चालतो, याचं ते कौतुक असतं. 1950च्या दशकात, इथेच गाडी बनवायची नसेल तर नुसती जुळणी चालणार नाही असं सरकारी धोरण आलं. जनरल मोटर्स आणि फोर्ड 1954च्या सुमारास निघून गेल्या. ट्रक आणि टॅक्सी मात्र पुढे कितीतरी वर्षं चालत राहिल्या, कारण त्यांचे भाग मिळत होते, घडवता येत होते, एकमेकांना बसत होते.

जीपकडे आलं की ही कल्पना सगळ्यात स्वच्छ दिसते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला एवढ्या जीप हव्या होत्या की एकट्या विलिसला त्या पुरवता येईनात, तेव्हा तीच गाडी फोर्डलाही बनवायला दिली. अट अशी की दोघांचे भाग एकमेकांना बसले पाहिजेत. दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. फोर्डने मात्र आपल्या भागांवर, अगदी बोल्टाच्या डोक्यावरही, एक बारीक ‘एफ’ छापला. आज युद्धकाळातल्या जीपचा चाहता भिंग घेऊन तो एफ शोधत बसतो. मी असा एक बोल्ट हातात घेऊन पाहिलाय. गंज घासल्यावर बोटाला आधी लागते ती षटकोनाची कड, आणि मग मधलं ते फोर्डच्या वळणाचं अक्षर. शौकिनांत यावरून दोन पक्ष आहेत. एकाला सगळे एफ एकाच गाडीत हवेत. दुसरा म्हणतो, विलिसच्या गाडीत फोर्डचा बोल्ट हाच जीपचा खरा इतिहास, कारण रणांगणावर मोडलेल्या दोन गाड्यांतून एक चालती गाडी करायची, हाच तिच्या जन्माचा हेतू. मी दुसऱ्या पक्षाचा आहे.

आपल्याकडे जीप महिंद्रांनी आणली. आधी माझगावला जुळणी, मग कांदिवलीचा कारखाना, भाईंदरहून लोकलने चौथं स्टेशन. अमेरिकेत सीजे-थ्री-बी हे मॉडेल 1953 ते 1968 एवढंच बनलं. त्याचं बॉनेट उंच, कारण आतलं हरिकेन इंजिन उंच होतं. तेच उंच बॉनेट आपल्याकडे पुढची कित्येक दशकं चाललं, आणि त्याखालचं इंजिन बदलून फ्रान्सच्या प्यूजोचं डिझेल आलं. अंग अमेरिकेचं, इंजिन फ्रेंच, पत्रा इथला, आणि हूड, बंपर, सीटा गल्लीतल्या वर्कशॉपच्या. तरी पाहणारा तिला पहिल्या नजरेत जीपच म्हणतो, आणि ते बरोबरच आहे.

म्हणूनच 2021 मध्ये आलेला व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचा नियम मला जीपच्या बाबतीत अपुरा वाटतो. 50 वर्षांपुढची गाडी, वेगळी ‘व्हीए’ मालिका, नव्या नोंदणीला 20,000 रुपये, हे सगळं मान्य. जुन्या गाड्यांना कागदोपत्री मान मिळाला, ही चांगली गोष्ट झाली. पण चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नसावा ही अट राजेराजवाड्यांच्या ब्यूइक-पॅकार्डना सोयीची आहे. रोज राबलेल्या जीपला ती जाचते. जी गाडी जगली, ती बदलत राहिली म्हणूनच जगली. अशा गाडीला तिच्या बदलांची नोंदवही मागावी. न बदलल्याचा पुरावा ती आणणार कुठून?

आता अलीकडच्या गाड्यांकडे येतो, कारण मीरा रोडच्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये त्याच उभ्या आहेत. शेव्हरोलेने 2017च्या अखेरीस भारतातली विक्री थांबवली, 2020च्या डिसेंबरात तळेगावच्या कारखान्यातलं उत्पादनही बंद झालं, आणि आज तो कारखाना ह्युंदाईकडे आहे. फोर्डने सप्टेंबर 2021 मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. दोन्हींच्या चाहत्यांचं दुःख खरं आहे, पण दोघांची स्थिती सारखी नाही. सुरुवातीच्या टवेराचं अडीच लिटरचं इंजिन साध्या यांत्रिक पंपावर चालतं. पंप खोलता येतो, पाटे बदलता येतात, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा ऑपेरा हाऊसला जाऊन भाग आणता येतो. टवेरा मरत नाही, या वाक्याचा अर्थ एवढाच. इकोस्पोर्टचं एक लिटरचं इकोबूस्ट इंजिन मात्र तीन सिलिंडरांतून 125 पीएस देतं आणि चालवणाऱ्याला खुळावून सोडतं. ते कौतुक त्याने कमावलेलं आहे. पण तिच्या संगणकाचा डबा दुसऱ्या इकोस्पोर्टमधून काढून बसवला तर बोल्ट नीट बसतात, खटके लागतात, आणि गाडी सुरू होत नाही. त्या डब्याला या गाडीची चावी ओळखायला शिकवावी लागते, आणि ते शिकवणारं यंत्र प्रत्येक गॅरेजात नसतं. ब्रुकलँड्सला तीन गाड्यांचे भाग मिसळून जे सिद्ध केलं, ते इथे उलटं फिरलं.

काशिमिऱ्याच्या गॅरेजात जुनी फोर्ड बघायला आलेला जाणकार आता किती किलोमीटर चालली हे नंतर विचारतो. आधी विचारतो, दोन्ही चाव्या आहेत का, आणि हिला बोलतं करणारं स्कॅनर कुणाकडे आहे.