पगार आधी विचार

सावंतवाडी

चि. सोनुलीस,


तुझी आई फोनवर म्हणाली, दहावीची परीक्षा संपली, आता तू पुण्यात अप्पा बळवंत चौकात एका वह्या-पुस्तकांच्या दुकानात कामाला जाणार. बरं वाटलं गो ऐकून. पण अजून पंधराचीच तू, म्हणून रात्री झोप काही लागेना.

पहिल्याच दिवशी विचार, पैसे किती आणि कधी देणार. लाजू नकोस. तुझी आई तुझ्याच वयाची असताना इथे चितारआळीत लाकडी फळं रंगवायला जायची. पैशाचं काही ठरलं नव्हतं. सुटी संपली तेव्हा मालकाने हातावर थोडे पैसे ठेवले, "खाऊला घे" म्हणाला. ती काही बोलली नाही, पण घरी येऊन जेवली नाही. तुझ्या आजीने दुसऱ्या दिवशी जाऊन हिशेब मागितला, तेव्हा कुठे बाकीचे मिळाले. तुझ्यावर ती वेळ नको.

तुझे काका कामगार कार्यालयात होते ना, त्यांनी मला नीट समजावलं. १९८६ चा बालकामगारांचा कायदा आहे, २०१६ साली तो आणखी कडक केला. १४ ते १८ वर्षांच्या मुलांना सलग तीन तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही, मग तासभर विश्रांती द्यायची. विश्रांती धरून दिवसाचे सहा तास, त्यापुढे नाही. संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी आठच्या आधी काम नाही, जादा वेळ नाही, आठवड्याला एक सुटी. शाळा जूनच्या मध्याला उघडतात, त्याआधी त्या चौकात मुंगीला शिरायला जागा नसते. मालक म्हणतील, "आजच्या दिवस थांब." माणसं चांगली असली तरी म्हणतील. तू "काका, मला सातच्या आत निघायचंय" एवढं सांगून पिशवी उचल. त्यात उद्धटपणा नाही.

गल्ल्यावर बसवलं तर पैसे त्यांच्यासमोर मोजून घे आणि मोजूनच परत दे. किती वाजता आलीस, किती वाजता निघालीस, किती उचल घेतलीस, सगळं एका छोट्या वहीत लिही. वरच्या फळीवरचे गठ्ठे काढायला शिडीवर एकटी चढू नकोस, तुझे गुडघे मला ठाऊक आहेत. आणि कुणाचं बोलणं, वागणं खटकलं तर त्याच दिवशी आईला सांग, पगार राहिला तरी राहू दे. आईला सांगवेना तर मला फोन कर, नाहीतर १०९८ हा मुलांसाठीचाच नंबर आहे.

बँकेत स्वतःचं बचत खातं काढ. दहा वर्षांवरच्या मुलांना ते चालवता येतं. पहिल्या पैशातून मला काही पाठवू नकोस, तुझ्या चपला झिजल्यात म्हणे.

इथे फणस उतरायला लागलेत. गरे तळून ठेवलेत, पुण्याला कुणी निघालं की देते. मालकांशी बोललीस की पैसे किती ठरले आणि सुटी कोणत्या वाराची, ते लगेच कळव. आईकडून नको, तुझ्याच तोंडून ऐकायचंय.

तुझी,
मावशी