दोन पट्ट्यांमधला स्वर

पियानोच्या अंतरंगात लोखंड असते, हे ऐकणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही. बाहेरून दिसते ते चकाकते लाकूड आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची ओळ. आत मात्र ओतीव लोखंडाची विशाल चौकट दोनशेहून अधिक पोलादी तारांचा मिळून वीसेक टनांचा ताण अहोरात्र सोसत उभी असते, आणि त्या ताणाच्या बळावरच एखादा हळुवार स्वर हवेत तरंगतो. भिलाईत आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला हे फार जवळचे वाटते. १९५९ साली इथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली आणि पुढे देशाचे रूळ इथे घडत राहिले. तिकडे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या वेदनेतून जन्मलेल्या ब्लूजच्या पियानोवादकांनी आपल्या डाव्या हाताच्या अखंड आवर्तनांत आगगाडीचीच चाके फिरवली. लोखंडाने माणसाला दूर नेले, आणि दुरावल्याचे गाणेही लोखंडाच्याच आधाराने उमटले.

पण पियानो असो की आपली पेटी, पट्टीवरचा स्वर आधीच ठरलेला असतो. याच भिलाईत १९५५ साली जन्मलेले, धातुशास्त्राचे शिक्षण घेतलेले बुधादित्य मुखर्जी सतारीची तार पडद्यावर ओढून एका आघातात कितीतरी श्रुतींचा प्रवास घडवतात. पट्टीला ते सुख नाही. स्वरावरून स्वरावर सरकणारी मींड नाही, म्हणून १९४० साली नभोवाणीने पेटीला दार बंद केले, ते तीन दशके तसेच राहिले. ब्लूजचा प्राण तर कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधोमध, कोणत्याच पट्टीला न गवसणाऱ्या जागी वसलेला. मग वादक काय करतो? कोमल गंधारावरून बोट शुद्ध गंधारावर निसटू देतो, कधी शेजारच्या दोन्ही पट्ट्या जवळजवळ एकाच क्षणी दाबतो, आणि त्या घर्षणातून कानाला असा स्वर ऐकू येतो जो वाद्यात नाहीच. मर्यादेशी केलेला इतका प्रेमळ करार मला अन्य कलेत क्वचितच आढळला आहे.

जॅझ पियानोवादक लुई बँक्स यांच्या कारकिर्दीकडे मी याच वाटेने येतो. १९४१ मध्ये दार्जिलिंगच्या नेपाळी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आजोबा बखत बहादुर यांनी नेपाळच्या राजगीताला चाल दिली; ट्रम्पेटवादक वडिलांनी मुलाला लुई आर्मस्ट्राँगचे नाव दिले. मुलगा आधी गिटार आणि ट्रम्पेट शिकला, पियानोकडे नंतर वळला. ज्याने श्वासाने स्वर वाकवून पाहिला आहे, त्याला पट्टीचे अपुरेपण आयुष्यभर जाणवत राहत असणार, असे मला वाटते. कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवर ‘ब्लू फॉक्स’ रेस्तराँमध्ये पॅम क्रेन यांच्या गाण्यामागे, गोव्याच्या ब्राझ गोन्साल्विस यांच्या सॅक्सोफोनशेजारी ते वाजवत, पुढे राहुल देव बर्मन यांच्यामुळे मुंबईच्या चित्रपटसंगीताशी नाते जुळले. मग जाहिरातींची असंख्य गाणी, कर्नाटक लयीशी जॅझचे संवाद, आणि २००८ मध्ये आलेल्या गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्या ‘फ्लोटिंग पॉइंट’ या अल्बममधला कीबोर्ड.

अष्टपैलुत्वाकडे आपण किंचित संशयाने पाहतो. एका रागासाठी जन्म वेचणाऱ्याचीच निष्ठा आपल्याला खरी वाटते. मला हा न्याय एकांगी वाटतो. गोविंदराव टेंबे पेटी वाजवत, ‘मानापमाना’ला चाली देत, रंगभूमीवर आणि पडद्यावर वावरत, लिहीत, त्या साऱ्यांत त्यांचे लक्ष एकाच गोष्टीवर होते, आणि ती म्हणजे स्वर. पट्टीवर जे सापडत नाही ते शोधायला वादकाला दुसऱ्यांच्या घरी जावे लागते: गायिकेच्या गळ्यात, सॅक्सोफोनच्या फुंकरीत, मृदंगाच्या बोलांत. बहुश्रुतता ही त्या शोधाची पायपीट असते.

१९८८ च्या ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ या बहुभाषी गाण्याची चाल अशोक पत्की यांची, संगीत-संयोजन लुई बँक्स यांचे. एका भाषेचा स्वर दुसरीच्या हाती सोपवताना वाद्ये बदलतात, लय सावरली जाते, आणि सांधा कुठे होता ते कळतही नाही. भिलाईतल्या आमच्या सेक्टरमध्ये मल्याळी, बंगाली, तेलुगू, मराठी, छत्तीसगढी घरे भिंतीला भिंत लावून होती, आणि प्रत्येक घर दूरदर्शनसमोर आपल्या भाषेची ओळ येण्याची वाट पाहत असे. तो सांधा बांधणाऱ्याचे नाव आम्हां कुणालाच ठाऊक नव्हते. रुळावर कारखान्याचे नाव आणि वर्ष उमटलेले असते, तो घडवणाऱ्या कामगाराचे नाही. कालाचा न्याय याहूनही विलक्षण: आजोबांची चाल राजसत्तेच्या अस्ताबरोबर २००७ पर्यंत राष्ट्रगीताच्या पदावरून उतरली, नातवाने कुठल्याही सिंहासनासाठी न केलेले संयोजन मात्र अजून लोकांच्या ओठी आहे.

तरीही कीबोर्डवादकाचे कर्तृत्व त्याच्या प्रसिद्ध रचनांत शोधू नये असे मला मनापासून वाटते. ब्लूजमध्ये गाणाऱ्याची ओळ संपते आणि पुढची सुरू होण्याआधी थोडी जागा उरते. पियानो तिथे दोन-तीन स्वरांत उत्तर देतो आणि बाजूला होतो. गायक भास्करबुवा बखल्यांच्या मागे बसून टेंब्यांच्या पेटीनेही असाच अदबीचा पाठपुरावा केला. किती बोलायचे आणि कधी थांबायचे, हे त्या क्षणी दुसऱ्याचे गाणे ऐकत ऐकतच ठरवावे लागते. आणि तिथेच वादकाची सारी विद्या पणाला लागते.