शेजारचे ताट

आपल्या मनाचा मोठेपणा आपणच मोजावयाचा ठरवले, म्हणजे तो नेहमी चांगला भरतो. माझेही तसेच झाले होते. खाण्यापिण्याच्या बाबतीत मी स्वतःला मोठा उदार समजत आलो. कोणी काय खावे हा ज्याचा त्याचा प्रश्न, अन्न हे पूर्णब्रह्म, अशी वाक्ये मी वर्गात मुलांना सांगितली आहेत. एका कादंबरीच्या नायकाच्या तोंडी घातलीही आहेत. ती खरी करून दाखवण्याची पाळी मात्र माझ्यावर आली नव्हती. ती आली २०२३ सालच्या मे महिन्यात, सिंगापुरात, एका चिनी दुकानापुढच्या स्टुलावर.

माझा भाचा तेथे नोकरीला आहे. शाळेला सुट्टी लागताच त्याने मला आग्रहाने बोलावून घेतले आणि दुसऱ्याच दिवशी चायनाटाउन दाखवावयास नेले. या भागाची मौज अशी की, साऊथ ब्रिज रोडवर थोड्याशा चालीत एक जुनी मशीद लागते, १८२७ साली स्थापन झालेले मारिअम्मनचे देऊळ लागते आणि पुढे चिनी लोकांचे बौद्ध मंदिरही लागते. देवीला हात जोडून आम्ही स्मिथ स्ट्रीटवरच्या एका मोठ्या इमारतीत शिरलो. तिच्या वरच्या मजल्यावर खाण्याच्या पदार्थांची दोनशेहून अधिक दुकाने आहेत. पूर्वी असे विक्रेते रस्त्याच्या कडेला गाड्या लावून बसत. १९७१ ते १९८६ या काळात सरकारने त्यांना तेथून उठवले आणि नळ, मोरी व छप्पर असलेल्या इमारतींत बसवले. या इमारतींना तेथे हॉकर सेंटर म्हणतात, आणि त्यांच्याभोवती वाढलेल्या संस्कृतीला २०२० साली युनेस्कोने मानवजातीचा वारसा म्हणून मान्यता दिली.

तेथे टेबल कोणाच्याच मालकीचे नसते. रिकामे स्टूल दिसले की बसावे. शेजारी कोण आहे हे विचारावयाचे नाही. जागा धरावयाची असेल तर लोक टेबलावर कागदी रुमालांचे पाकीट ठेवून जातात, आणि त्या पाकिटाचा मान सगळे राखतात. एस.टी.च्या खिडकीतून आत टाकलेल्या आपल्या रुमालाची मला आठवण झाली. आपल्या रुमालावरून मात्र भांडणे होतात!

आम्ही बसलो त्या टेबलाशी एक वृद्ध चिनी गृहस्थ अगोदरच बसले होते. सत्तरीच्या पुढचे असावेत. समोरच्या दुकानात एक माणूस पिठाचा गोळा दोन्ही हातांनी ओढून लांबवी, दुमडी, पुन्हा ओढी. एकाचे दोन, दोनाचे चार, असे आठ वेळा दुमडले की २५६ तार होतात, हा हिशेब माझ्यातल्या मास्तराने लगेच करून टाकला. माझी आई पाटावर हाताच्या शेवया करताना याच लयीत पीठ ओढी. शेजारी उभी असलेली बाई लहान पाऱ्या लाटीत होती. मधे जाड, कडेला पातळ. पारीत सारण ठेवून ती बोटांनी भराभर चुण्या पाडी आणि तोंड मिटवी. थक्क होऊन मी पाहतच राहिलो. ते थेट आपले उकडीचे मोदक होते! फरक इतकाच की आपण केळीच्या पानावर ठेवून उकडतो, त्या बांबूच्या टोपलीत ठेवून उकडीत होत्या.

भाचा म्हणाला, "मामा, याला शियाओ लोंग बाओ म्हणतात. लहान टोपलीतले बाओ. शांघायजवळच्या नानशियांग गावाचे प्रसिद्ध आहेत. आत गरम सूप असते."

"मिटलेल्या मोदकात सूप भरतात कसे?"

"सूप भरीत नाहीत. डुकराची कातडी पुष्कळ वेळ उकळली की पाणी चिकट होते. ते थंड झाले म्हणजे गोठते. आपल्याकडे पायाचे सूप रात्रभर ठेवले की गोठते ना, तसे. त्याचे बारीक तुकडे खिम्यात मिसळायचे. वाफ लागली की ते आतल्या आत वितळते." मग जरा थांबून म्हणाला, "तुम्हाला चालायचे नाही, म्हणून तुमच्यासाठी टोमॅटो आणि अंडे घातलेल्या नूडल्स सांगितल्या आहेत."

नूडल्स आल्या. वाफाळलेला वाडगा, वर अंडे, लालसर रस्सा. काड्या मला धरता येईनात, तेव्हा चमचा मागून घेतला आणि खरेच सांगतो, मी वाडगा तळापर्यंत संपवला. रस्सा तर तोंडाला लावून प्यालो. "अशी चव आपल्याकडे नाही बुवा," असे दोनदा म्हणालोही.

माझ्या डावीकडे भाच्याची टोपली होती आणि उजवीकडे त्या वृद्धाची. दोन्हींत पदार्थ एकच होता. वृद्ध गृहस्थ एकेक बाओ हलकेच उचलून चमच्यात ठेवीत, काडीने त्याला भोक पाडीत, आतले सूप आधी पीत, आणि मग काळ्या व्हिनेगरमध्ये भिजलेल्या आल्याच्या दोन काड्या वर ठेवून उरलेला घास तोंडात घालीत. उतावळेपणाने सगळाच तोंडात टाकणाऱ्याची जीभ भाजते. म्हणून त्या पदार्थाला ही सगळी रीत आहे. अशाच एका बाओला त्यांनी भोक पाडले आणि सुपाचा एक थेंब उडून माझ्या वाडग्याजवळ पडला.

मी माझे स्टूल मागे ओढले.

विचार करून ओढले असे नाही. अंग आपोआप मागे गेले. चेहरा कसा झाला असेल, हे मला दिसण्याचा प्रश्नच नव्हता. पण त्या गृहस्थांना तो दिसला. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मोडक्या इंग्रजीत एवढेच विचारले, "नो पोर्क?" मी मान हलवली. त्यांची नजर माझ्या रिकाम्या वाडग्यावर क्षणभर थांबली. त्यांनी हसून मान डोलावली, कागदी रुमालाने तो थेंब पुसला, आपली टोपली, बशी आणि काड्या उचलून टेबलाच्या पार पलीकडच्या कडेला नेल्या, आणि पुन्हा शांतपणे खाऊ लागले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. अपमान झाल्याची खूणही नव्हती.

वाडगा परत करताना भाच्याने दुकानातल्या बाईंना सहज विचारले. माझ्या नूडल्सचा रस्सा डुकराच्या हाडांचाच होता.

त्या वृद्धांची नजर वाडग्यावर का थांबली होती, ते मला तेव्हा उमगले. ते सांगून त्यांना माझ्यावर सहज मात करता आली असती. पण जे पोटात गेले होते ते परत येणार नव्हते. त्यांनी वाद जिंकण्याचे सोडून माझा मान राखला.

त्या रात्री मला लवकर झोप लागली नाही. पोटात काही बिघडले नव्हते. तीच तर अडचण होती. जिभेला जे अमृत वाटले, त्याचे नाव कळताच ते ओकारी आणणारे कसे झाले? म्हणजे किळस जिभेत नव्हती, नावात होती. त्याहून वाईट गोष्ट पुढेच आहे. डावीकडे माझा भाचा तेच खात होता. त्याच्या टोपलीपासून मी एक इंचही सरकलो नव्हतो. मी सरकलो तो उजवीकडून. मग मला किळस आली ती पदार्थाची, की परक्या माणसाची?

या प्रश्नाबरोबर एक मुलगा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. वीस वर्षांपूर्वी मी नोकरीला नुकताच लागलो होतो आणि नववीचा वर्ग माझ्याकडे होता. हा मुलगा गावाबाहेरच्या वस्तीतला. त्याच्या वस्तीत डुकरे पाळीत. घरी लग्न झाले होते, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या डब्यात ते मांस होते. मुलांनी ते ओळखले, नाके धरली, दोघी-तिघी उठून बाहेर गेल्या. मी फार शांतपणे, अगदी प्रेमळ आवाजात त्याला म्हणालो, "बाळ, आजच्या दिवस तू डबा व्हरांड्यात बसून खा." मला वाटले, मी त्याची लाज राखली.

दुसऱ्या दिवशी त्याच्या डब्यात भाकरी आणि लाल चटणी होती. तरीही तो व्हरांड्यातल्या खांबापाशी जाऊन बसला. तिसऱ्या दिवशीही. वर्ष संपेपर्यंत तो तेथेच बसला. मी रोज मधल्या सुट्टीत त्याच्यावरून जात असे. "आत ये," हे दोन शब्द उच्चारावयाला मला कोणी बंदी केली नव्हती.

वाचकहो, मी काही असे म्हणत नाही की सर्वांनी सर्व खावे. मी अजूनही डुकराचे मांस खात नाही, आणि पुढेही खाईन असे वाटत नाही. जो माणूस जीवहत्या नको म्हणून मांस वर्ज्य करतो, त्याच्या व्रतापुढे माझी मान लवते. धर्माने सांगितले म्हणून एखादी वस्तू न खाणाऱ्याबद्दलही मला आदर आहे. परंतु व्रत आणि किळस या दोन गोष्टी आपण फार वेळा एकाच डब्यात ठेवतो. व्रत पाळणारा आपल्या ताटाकडे पाहतो. किळस करणारा शेजारच्या ताटाकडे पाहतो, आणि तेथून त्याची नजर वर चढत शेजाऱ्याच्या चेहऱ्याकडे जाते. मी स्वतः कोलंबी आवडीने खातो, सुके बोंबील भाजले की दोन भाकऱ्या जास्त जातात. त्या वासाने नाक मुरडणारे पुष्कळ सज्जन मला भेटले आहेत, आणि तेव्हा मी त्यांना संकुचित म्हटले आहे. माझी किळस तेवढी नीती, आणि दुसऱ्याची तो संकुचितपणा!

याच्या उलट टोकालाही एक फसवणूक आहे. सर्व काही खाणारा मनुष्य आपोआप उदार होतो असे नाही. देशोदेशीचे पदार्थ चाखून, ते करणाऱ्यांना तुच्छ लेखणारे महाभाग आपण पाहतोच. प्रश्न घासाचा नाही. कोणाच्या शेजारी बसून तो घ्यावयाचा, याचा आहे. कोल्हापूरच्या शाहू महाराजांना हे पुरते कळले होते. पाण्याला शिवल्याबद्दल मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना त्यांनी भर शहरात चहाचे दुकान काढून दिले, आणि स्वतः तेथे गाडी थांबवून ते चहा घेत, बरोबरच्यांनाही पाजीत. महाराजांना चहा काही राजवाड्यात मिळत नव्हता असे नव्हे. शंभर व्याख्यानांनी जे साधले नसते ते त्या एका पेल्याने साधत होते.

सिंगापूर म्हणजे स्वर्ग, असाही माझा समज नाही. १९६४ साली त्याच शहरात मलाय आणि चिनी लोकांत दोनदा दंगली झाल्या आणि छत्तीस माणसे प्राणांस मुकली. एका छपराखाली जेवणे त्यांना सहज साधले असेल असे नाही. अनुभवाने आणि कायद्याने त्यांनी ते शिकून घेतले आहे. २०२१ पासून तेथे थाळ्या स्वतः परत ठेवणे सक्तीचे झाले. त्यासाठी मांडण्या असतात, आणि हलाल भांड्यांची मांडणी वेगळी असते. प्रथम पाहिले तेव्हा मला ते खटकले. आपण तर वेगळ्या भांड्यांचा किती मोठा कलंक वाहतो! पण मग फरक ध्यानात आला. आपल्याकडे भांडे वेगळे ठेवीत, ते माणसाला दूर ठेवण्यासाठी. तेथे भांडे वेगळे ठेवतात, म्हणजे माणसाला निर्धास्तपणे जवळ बसता यावे. त्या वृद्धांनी टोपली दूर नेली, स्वतः मात्र ते उठून गेले नाहीत. मी बरोबर उलटे केले होते. डब्यापासून सुटका करून घेण्यासाठी मी मुलगाच बाहेर पाठवला होता.

त्याच वर्षी, नोव्हेंबरात, शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचे सरकारने ठरवले. न खाणाऱ्यांना केळे. आमच्या शाळेत पहिल्याच दिवशी मुलांनी, कोणी न सांगता, दोन रांगा केल्या. एक अंड्याची, दुसरी केळ्याची. मी त्यांना उठवले आणि हजेरीच्या क्रमांकाने बसवले. केळे घेतलेल्या एका मुलीने आपले ताट चार बोटे सरकवले. मी काही बोललो नाही. चार बोटांचा अधिकार तिला आहे. तो मलाही त्या दिवशी हवा होता. दोन दिवसांनी एक पालक तक्रार घेऊन आले. मी म्हटले, "तिच्या ताटात केळेच पडेल, ही जबाबदारी माझी. शेजारी कोण बसेल, ते मात्र हजेरीपट ठरवील." ते नाराज होऊनच गेले.

व्हरांड्यातल्या त्या खांबापाशी आता कोणी बसत नाही. पण ज्याला मी तेथे बसवले, तो दहावीनंतर गाव सोडून गेला. त्याला आत बोलवावयाचे राहिले, ते राहूनच गेले.