उद्याची हमी आणि उद्याचा भरवसा

पुणे–सातारा महामार्गानं खेड शिवापूर मागे टाकलं की पुढे वरवे बुद्रुक लागतं. भोर तालुक्याचा हा भाग भाताचा, पण आता महामार्गाच्या कडेनं कारखानेही आले आहेत. बाप पावसाची वाट पाहतो, मुलगा कंत्राट पुढे चालू राहील का याची. या पट्ट्यातल्या घरसभेत प्रार्थनेच्या विनंत्या विचारल्या की त्या बहुतेक उद्याच्याच असतात. मुलाची नोकरी, मुलीचं लग्न, ऑपरेशन, कर्ज. त्यात गैर काहीच नाही. बापाकडे मागायचं नाही तर कोणाकडे? पण येशूनं शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत भाकर मागितली आहे ती आजची, हे आपण रोज म्हणतो आणि रोज विसरतो. आपल्याला उद्याची हमी हवी असते, आणि ती मिळाली की आपण तिलाच विश्वास म्हणतो.

हाच रस्ता पुढे साताऱ्याला जातो. तिथं १९१७ साली रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मिशनची पगारी चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला. पन्नाशी उलटलेली, पाठीशी संसार. अशा भरवशाची मोठी किंमत घरातल्या बाईला मोजावी लागते, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला वेगळं सांगायला नको. देवावर भार टाकतो म्हणताना तो दुसऱ्याच कोणाच्या डोक्यावर तर जात नाही ना, एवढं प्रत्येकानं तपासावं.

भरवसा कसा असतो हे मला सर्वांत स्वच्छ दिसतं ते आपल्याच जिल्ह्यात, केडगावला. पंडिता रमाबाईंना भविष्याची धास्ती वाटावी अशी सगळी कारणं होती. आईवडील आणि बहीण दुष्काळात गेली, मग भाऊ गेला, आणि लग्नाला दोन वर्षं होण्याआधी, १८८२ साली, नवराही गेला. पदरात मनोरमा नावाची तान्ही मुलगी. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन उघडलं तेव्हा अमेरिकेतल्या हितचिंतकांनी दहा वर्षांच्या मदतीचं वचन दिलेलं होतं. म्हणजे हमी होती, मुदतीची का होईना. ती मुदत संपत आली असतानाच १८९६–९७ चा दुष्काळ आला आणि शेकडो उपाशी मुली त्यांनी मध्य प्रांतातून आणल्या. पैसे हाताशी नव्हते. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरचं चरित्र त्यांनी वाचलं होतं: अनाथाश्रम चालवायचे, माणसांपुढे हात पसरायचा नाही, फक्त देवाला सांगायचं. हे हिंदुस्थानात का होऊ नये, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि आयुष्यभर त्याचं उत्तर देत राहिल्या.

पण प्रार्थना करून त्या हात जोडून बसल्या नाहीत. विहिरी खणल्या, फळझाडं लावली, मुलींच्या हाती माग आणि छापखाना दिला. फळझाड लावणारा उद्याचा विचार करतोच; रमाबाईंनी तो भरपूर केला. सोडली ती उद्याची भीती. भीतीनं माणूस आखडतो, आहे ते राखून ठेवतो, आणखी एका पोरीला दार उघडताना दहादा हिशेब करतो. उद्याचा धनी देव आहे असं खरोखर मानलं की आजचे हात मोकळे होतात. प्रार्थनेनं पुढचं दिसू लागतं असा माझा अनुभव नाही. समोरचं काम मात्र उचलता येतं.

आणि हा भरवसा विमा नव्हे. मनोरमाबाई आईच्या कामाच्या वारस. आईनं त्यांच्यासाठी किती प्रार्थना केली असेल, हे कोणीही आई सांगू शकेल. २४ जुलै १९२१ रोजी त्या आईच्या आधी गेल्या. गेथशेमाने बागेत खुद्द येशूनं दुःखाचा प्याला दूर व्हावा म्हणून विनवणी केली होती, तो दूर झाला नाही. आपल्या श्रद्धेच्या केंद्रस्थानीच न मिळालेल्या मागणीची अशी प्रार्थना आहे. म्हणून ‘तुझा विश्वास कमी पडला’ असं एखाद्या दुःखी घराला सांगणं मला क्रूर वाटतं, आणि ख्रिस्ती तर मुळीच वाटत नाही.

मुलगी गेल्यावर रमाबाई साडेआठ महिने जगल्या. हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत चाललेलं बायबलचं भाषांतर त्यांनी त्याही काळात खाली ठेवलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. संपूर्ण ग्रंथ छापून झालेला त्यांनी पाहिला नाही. तो त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनच्याच छापखान्यातून बाहेर पडला.

आपल्या मंडळ्यांमध्ये साक्षी होतात त्या मिळालेल्या गोष्टींच्या. नोकरी लागली, गाठ विरघळली, व्हिसा आला. उपकारस्तुती व्हायलाच हवी. पण ज्यांचं मागणं पुरं झालं नाही आणि तरी जे रविवारी येऊन बाकावर बसतात, त्यांनाही पाळकांनी पुढे बोलवावं. येत्या घरसभेपासूनच बोलवावं, आणि त्यांचं बोलणं संपेपर्यंत मधे कोणी ‘हालेलूया’ म्हणू नये.